‘अँग्री ऑन’ का चालत नाही? वाचकांचे इंग्रजीविषयीचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा होता. विशेषणानंतर प्रिपोझिशन कोणतं घ्यायचं, ॲट की इन, विथ की टू, ऑफ की फ्रॉम. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात एका कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहे. मेलमध्ये मी ‘द क्लायंट इज अँग्री ऑन अस’ असं लिहिलं तर टीम लीडने ‘ऑन’ काढून ‘विथ’ करायला सांगितलं. केलं मी, पण का ते कुणीच सांगत नाही. आपण ‘आमच्यावर रागावलाय’ म्हणतो ना, मग ‘ऑन’ का नाही?

उत्तर: तुमचा ‘ऑन’ कुठून आला ते तुमच्या प्रश्नातच आहे. मराठीत राग कुणावर तरी येतो, आणि शाळेत आपल्याला ‘वर म्हणजे ऑन’ असं पहिल्यांदा टेबलावरच्या पुस्तकाच्या वाक्यात शिकवलेलं असतं, ते डोक्यात इतकं पक्कं बसतं की पुढे जिथे जिथे ‘वर’ दिसेल तिथे हात आपोआप ‘ऑन’ लिहून मोकळा होतो. पण इथलं ‘वर’ टेबलावरचं नाहीच.

जरा मराठीकडेच बघा. मुलगा आईवर चिडतो, आईशी भांडतो, आईला घाबरतो, आणि असतो मात्र आईचा लाडका. आई तीच, मुलगा तोच, पण चिडणं आलं की ‘वर’, भांडण आलं की ‘शी’, भीती आली की ‘ला’. ‘आईवर घाबरतो’ असं तीन वर्षांचं पोरही म्हणत नाही, आणि त्याला कुणी नियम शिकवलेला नसतो, घाबरणं हा शब्द त्याच्या कानावर पडला तोच ‘ला’सकट पडला. इंग्रजीतही अगदी हेच होतं. ‘अँग्री’ हा शब्द तिथल्या पोराला ‘विथ’ किंवा ‘ॲट’सकटच मिळतो. म्हणजे प्रिपोझिशन कोणतं हे त्या विशेषणाने ठरवायचं असतं, आपल्या मराठी प्रत्ययाने नाही. आजच्या सगळ्या उत्तरांत हीच एक गोष्ट मी वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे.

आता खुद्द ‘अँग्री’. माणसावर राग असेल तर ‘विथ’ किंवा ‘ॲट’, अमेरिकेत ‘ॲट’ जास्त ऐकू येतं. गोष्टीचा राग असेल तर ‘अबाउट’, जसं ‘शी इज अँग्री अबाउट द बिल’. आणि कुणी काय केलं म्हणून राग आला ते सांगायचं असेल तर पुढे ‘फॉर’ लावून क्रियापदाला आयएनजी, ‘ही वॉज अँग्री विथ मी फॉर कमिंग लेट’. एका वाक्यात माणूसही आला आणि कारणही आलं, मेलमध्ये हे फार कामाला येतं. ‘ॲनॉइड विथ’, ‘अपसेट विथ’, ‘हॅपी विथ’, ‘प्लीज्ड विथ’ हेही माणसाच्या बाबतीत ‘विथ’वालेच, आणि मराठीत या सगळ्यांना आपण ‘वर’ लावतो, साहेब माझ्यावर खूश आहेत, माझ्यावर नाराज आहेत, म्हणून तुम्ही ‘ऑन’च्या सापळ्यात पुन्हा पुन्हा अडकणार हे आधीच सांगून ठेवते.

‘ऑन’ कधीच बरोबर नसतं असंही नाही हं. ‘डिपेंडंट ऑन’मध्ये मराठी ‘वर अवलंबून’ तंतोतंत जुळतं, ‘कीन ऑन’ आहे, ‘बेस्ड ऑन’ आहे. पण हे जुळलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण त्याच ‘डिपेंडंट’चा विरुद्धार्थी ‘इंडिपेंडंट’ घेतला की ‘ऑन’ गायब होतं आणि ‘ऑफ’ येतं, ‘फायनॅन्शियली इंडिपेंडंट ऑफ हर पेरेंट्स’. देश स्वतंत्र झाला म्हणताना ‘फ्रॉम’सुद्धा सर्रास वापरतात, पण ‘इंडिपेंडंट ऑन’ कुठेच नाही.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. क्लासमध्ये दीडशे विशेषणं आणि त्यांची प्रिपोझिशन्स अशी यादी दिलीय, रोज घोकतो आणि पेपरात विसरतो. यामागे काही नियम असेल तर सांगा, नसेल तर तसंही सांगा. – एक पालक, कराड

उत्तर: एकच एक नियम नाही, पण सगळं मनमानी आहे असंही नाही. यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती कळली की यादीतले निम्मे शब्द आपोआप गटात बसायला लागतात.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, जिला जुनी इंग्रजी म्हणतात, आपल्यासारखाच विभक्तीचा कारभार होता. नामाला प्रत्यय लागायचे आणि विशेषणं आपापली विभक्ती मागायची. ‘फुल’ म्हणजे भरलेला, हे विशेषण षष्ठी मागायचं, म्हणजे पाणी हा शब्द ‘पाण्याचा’ अशा रूपात यायचा. ‘गिल्टी’ आणि ‘अवेअर’ यांचे तेव्हाचे जुने शब्दही षष्ठीचेच. उलट ‘नियर’, ‘डिअर’, ‘लाइक’ यांचे पूर्वज चतुर्थी मागायचे, आपल्या ‘ला’सारखं काहीतरी. पुढे हे प्रत्यय झिजत गेले, 1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन लोक इंग्लंडचे मालक झाले त्यानंतरच्या दोनतीन शतकांत तर जवळजवळ संपलेच, आणि त्यांची जागा सुट्या शब्दांनी घेतली. षष्ठीच्या जागी ‘ऑफ’ आलं, त्याला फ्रेंचमधल्या तशाच एका शब्दाचाही टेकू मिळाला, आणि चतुर्थीच्या जागी ‘टू’ आलं. म्हणून आज ‘फुल ऑफ’, ‘गिल्टी ऑफ’, ‘अवेअर ऑफ’, आणि दुसरीकडे ‘नियर टू’, ‘डिअर टू’. नंतर फ्रेंच-लॅटिनमधून आलेली विशेषणंही याच दोन रांगांत उभी राहिली, ‘सिमिलर टू’, ‘इक्वल टू’, ‘केपेबल ऑफ’.

दोन शब्द मात्र प्रिपोझिशन न घेताच राहिले. ‘वर्थ’ आणि ‘लाइक’. ‘धिस बुक इज वर्थ फाइव्ह हंड्रेड रुपीज’, मध्ये काही नाही. ‘ही इज लाइक हिज फादर’, मध्ये काही नाही. पेपरात रिकामी जागा दिली तर मुलं इथे उगाच ‘ऑफ’ किंवा ‘टू’ घुसवतात, तेवढं मुलाला सांगून ठेवा.

अजून एक गट याच घरातला नाही, लॅटिनचा आहे. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘प्रायर’. यांच्या शेवटी जो ‘-इयर’ असा आवाज ऐकू येतो तो लॅटिनमधला तुलनेचा प्रत्यय आहे, म्हणजे ‘सीनियर’ या शब्दाच्या आतच ‘जास्त वयाचा’ हा अर्थ भरलेला आहे. इंग्रजीने या शब्दांना ‘दॅन’ दिलंच नाही, ‘टू’ दिलं. ‘ही इज सीनियर टू मी बाय थ्री इयर्स’. आपल्याकडे ‘माझ्यापेक्षा सीनियर’ हे इतकं तोंडात बसलंय की ‘सीनियर दॅन मी’ हमखास येतं, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आता घोकंपट्टीबद्दल. दीडशेची यादी वरून खाली पाठ करणं बंद करा, त्याऐवजी अर्थाचे गट करा. कौशल्य आलं की ‘ॲट’, गुड, बॅड, ब्रिलियंट, क्लेव्हर, होपलेस. नातं किंवा चिकटणं आलं की ‘टू’, मॅरिड, रिलेटेड, आयडेंटिकल, ॲलर्जिक, ॲडिक्टेड. मनात धरून ठेवलेली भावना असेल तर बहुतेक वेळा ‘ऑफ’, अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, जेलस, फॉन्ड. एखाद्या घटनेबद्दल वाटणं असेल तर ‘अबाउट’, एक्सायटेड, वरीड, नर्व्हस. आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य मुलाने स्वतःच्या घरातलं बनवायचं, ‘माय ग्रँडमदर इज फॉन्ड ऑफ टी’, ‘आय ॲम ॲलर्जिक टू डस्ट’, असं. घरातली माणसं आली की वाक्य लक्षात राहतं आणि वाक्याबरोबर प्रिपोझिशन राहतं.

शंका आली की लर्नर्स डिक्शनरी उघडायची, साधी इंग्रजी-मराठी नाही. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होता, मातृभाषा इंग्रजी नसलेल्या मुलांचं नेमकं कुठे अडतं ते त्याने जवळून बघितलं आणि शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवणारा कोश तयार केला. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा छापला. आजही त्या परंपरेतल्या कोशांमध्ये विशेषणाशेजारीच त्याचं प्रिपोझिशन ठळक अक्षरांत असतं. मुलं अर्थ बघून पान मिटतात, ती ठळक अक्षरं वाचतच नाहीत, आणि तिथेच सगळं लिहिलेलं असतं.

प्रश्न: मॅम, गुड ॲट मॅथ्स की गुड इन मॅथ्स? फ्रेंड्समध्ये पैज लागलीय. – एफवायबीएस्सी, नांदेड

उत्तर: ‘गुड ॲट’ घे, ते सगळीकडे चालतं. शाळेच्या विषयाबद्दल बोलताना काही अमेरिकन लोक ‘गुड इन’ही म्हणतात, त्यामुळे समोरच्याला एकदम चूक ठरवू नकोस. ‘वीक’ आणि ‘स्ट्राँग’ असेल तर मात्र ‘इन’, ‘वीक इन ग्रामर’. पण तुला खरी गंमत यापुढे आहे, ‘गुड’ला वेगवेगळी प्रिपोझिशन्स लावून बघ. ‘गुड ॲट’ म्हणजे एखाद्या गोष्टीत हुशार. ‘गुड विथ चिल्ड्रन’ म्हणजे मुलांना छान सांभाळणारा, ज्याच्याकडे मुलं रमतात. ‘गुड फॉर चिल्ड्रन’ म्हणजे मुलांच्या तब्येतीला चांगलं, दूध वगैरे. ‘गुड टू मी’ म्हणजे माझ्याशी चांगलं वागणारा. विशेषण एकच, आणि शेजारी बदलला की अर्थ पार बदलला. असंच ‘अफ्रेड’चं कर, ‘अफ्रेड ऑफ हिम’ म्हणजे त्याची भीती वाटते, ‘अफ्रेड फॉर हिम’ म्हणजे त्याचं काही बरंवाईट होईल अशी काळजी वाटते. मुलगा गाडी जोरात चालवतो तेव्हा आई ‘अफ्रेड फॉर’ असते. ‘टायर्ड’चंही बघ, ‘टायर्ड फ्रॉम द जर्नी’ म्हणजे प्रवासाने दमलेला, ‘टायर्ड ऑफ द जर्नी’ म्हणजे प्रवासाला कंटाळलेला. इंटरव्ह्यूमध्ये ‘आय ॲम टायर्ड ऑफ वर्क’ म्हणालास तर काय होईल बघ.

प्रश्न: आम्ही शिकागोत राहतो. मी ‘डिफरंट फ्रॉम’ म्हणते, मुलगी ‘डिफरंट दॅन’ म्हणते, आणि लंडनला असलेला भाऊ ‘डिफरंट टू’. तिघांत बरोबर कोण?

उत्तर: तिघंही, पण सगळीकडे नाही. ‘डिफरंट फ्रॉम’ दोन्ही देशांत चालतं, बोलण्यात आणि लिहिण्यातही, म्हणून भारतातल्या परीक्षांना तेच वापरावं. ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये रोजचं आहे, अमेरिकेत कानाला खटकतं. ब्रिटनमधल्या कडक मास्तरांनीही ते बरीच वर्षं चूक धरलं होतं, पण फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 सालच्या आपल्या वापरकोशात फक्त ‘फ्रॉम’च बरोबर हा हट्ट म्हणजे अंधश्रद्धा आहे असं स्पष्ट मांडलं. ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत सर्रास आहे आणि पुढे पूर्ण वाक्य येणार असेल तर ते सोयीचंही पडतं, ‘इट वॉज डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड’. तेच ‘फ्रॉम’ने म्हणायचं तर मध्ये ‘व्हॉट’ घालावं लागतं. मुलगी तिथल्या शाळेत शिकतेय, तिला ‘दॅन’ म्हणू द्या. आपण मराठीत ‘पेक्षा वेगळं’ आणि ‘हून वेगळं’ दोन्ही म्हणतोच की.

प्रश्न: माझी मुलं ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली’ असं लिहितात. कितीही वेळा सांगितलं तरी ‘टू’ दिसलं की पुढे मूळ क्रियापद. सोपी युक्ती सुचवा. – एक शिक्षिका, अलिबाग

उत्तर: मुलांचा दोष नाही, ‘टू’ दोन प्रकारचा असतो हे त्यांना वेगळं करून कुणी दाखवलेलं नसतं. फळ्यावर ‘आय ॲम यूज्ड टू…’ लिहून पुढे एक नाम घालून बघायला सांगा. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’, बसलं की नाही? नाम बसतं म्हणजे हा प्रिपोझिशनवाला ‘टू’, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आणायचं तर त्याला आयएनजी लावून नाम करूनच आणावं लागतं, ‘यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’. ‘एबल टू’ची हीच परीक्षा घ्या, ‘आय ॲम एबल टू द हीट’, काही केल्या बसत नाही, म्हणजे तिथे मूळ क्रियापदच. ‘केपेबल’ आणि ‘एबल’ शेजारी शेजारी लिहून द्या, अर्थ जवळजवळ सारखा पण ‘केपेबल ऑफ डुइंग’, ‘एबल टू डू’. ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’ हेही याच हिशेबात येतं.

एक सावधगिरी. पाठ्यपुस्तकी उदाहरणांपेक्षा मुलांच्या तोंडची वाक्यं घ्या, आणि ‘आय ॲम यूज्ड टू’ व ‘आय यूज्ड टू’ हे एकाच तासाला शिकवू नका. दुसरं पूर्वीच्या सवयीचं आहे, त्याला मूळ क्रियापद लागतं, दोन्ही एकदम दिली की पुढचे दोन महिने गोंधळ निस्तरत बसावं लागतं.

प्रश्न: मी मराठीतून इंग्रजीत भाषांतराची कामं घेतो. ‘पाण्याने भरलेली बादली’ला ‘अ फुल ऑफ वॉटर बकेट’ लिहिलं ते एडिटरने खोडलं. विशेषण नामाच्या आधी येतं ना? – मिरज

उत्तर: चांगला प्रश्न आहे आणि याबद्दल व्याकरणाच्या पुस्तकांत फार कमी लिहितात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मराठीत नामाचं सगळं वर्णन नामाच्या आधी रचता येतं, कितीही लांब असलं तरी. ‘काल संध्याकाळी विहिरीवरून आणलेल्या पाण्याने भरलेली बादली’, आपल्याला काही वाटत नाही. इंग्रजीत एकटं विशेषण नामाच्या आधी चालतं, ‘अ फुल बकेट’. पण त्याच्या मागे प्रिपोझिशनचा लवाजमा आला की ते सगळं उचलून नामाच्या नंतर जातं, ‘अ बकेट फुल ऑफ वॉटर’. ‘गावाच्या इतिहासाशी परिचित असलेला माणूस’ म्हणजे ‘अ मॅन फमिलियर विथ द हिस्टरी ऑफ द व्हिलेज’.

काही विशेषणं दोन्हीकडे पाय ठेवतात, स्वतः नामाच्या आधी आणि शेपूट नामाच्या नंतर. ‘अ सिमिलर हाउस टू आवर्स’, ‘अ डिफरंट ओपिनियन फ्रॉम माइन’, ‘अ डिफिकल्ट बुक फॉर चिल्ड्रन’. सगळ्यांना मात्र हे जमत नाही. ‘मुलाचा अभिमान असलेला बाप’ हे ‘अ प्राउड फादर ऑफ अ सन’ असं केलं तर वाचणारा ‘ऑफ’ला ‘फादर’शी जोडतो आणि अर्थ होतो एका मुलाचा बाप, जो अभिमानी आहे. तुम्हाला हवं असतं ‘अ फादर प्राउड ऑफ हिज सन’.

आणि भाषांतरात सगळ्यात जास्त घात करणारे दोन शब्द, ‘रिस्पॉन्सिबल’ आणि ‘कन्सर्न्ड’. ‘अ रिस्पॉन्सिबल ऑफिसर’ म्हणजे जबाबदारीने वागणारा, विश्वासाचा अधिकारी. ‘द ऑफिसर रिस्पॉन्सिबल’ म्हणजे ज्याच्याकडे ते काम होतं किंवा ज्याच्यामुळे तो घोळ झाला तो. ‘संबंधित अधिकारी’ला आपल्या सरकारी आणि बँकेच्या पत्रांत ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहायची पद्धत आहे, भारतात ते कळतंही, पण बाहेरच्या वाचकाला त्याचा अर्थ ‘चिंतेत असलेला अधिकारी’ असा लागतो. ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ लिहा. क्लायंट परदेशी असेल तर हे नक्की पाळा. याच शब्दाला ‘कन्सर्न्ड अबाउट’ लावलं की काळजी, ‘कन्सर्न्ड विथ’ लावलं की विषयाशी संबंध, तेही भाषांतर करताना तपासत चला.

‘अफ्रेड’ आणि ‘अवेअर’ ही विशेषणं तर सहसा नामाच्या आधी येतच नाहीत. घाबरलेलं मूल म्हणजे ‘अ फ्रायटन्ड चाइल्ड’.

प्रश्न: व्हिसाच्या फॉर्मसोबत पत्र जोडायचंय. ‘आय ॲम मॅरिड विथ’ की ‘मॅरिड टू’? – म्हापसा, गोवा

उत्तर: नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव येणार असेल तर ‘मॅरिड टू’. ‘विथ’ मुलांसाठी ठेवा, ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ म्हणजे लग्न झालेलं आहे आणि दोन मुलं आहेत, ते पूर्ण बरोबर आहे. नुसता साखरपुडा झाला असेल तर ‘एंगेज्ड टू’, तिथेही ‘विथ’ नको. ‘एंगेज्ड इन’ म्हणजे कामात गुंतलेलं.

प्रश्न: आभाराच्या मेलमध्ये ‘इट इज व्हेरी काइंड फ्रॉम यू’ बरोबर आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ‘काइंड ऑफ यू’ लिहा. कुणाच्या वागण्यावरून त्या माणसाचा स्वभाव सांगायचा असेल तर ‘ऑफ’, ‘नाइस ऑफ यू’, ‘थॉटफुल ऑफ हर’, ‘फूलिश ऑफ मी’. काम कुणाला कसं जातं ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, ‘इट वॉज डिफिकल्ट फॉर मी’, ‘इझी फॉर यू’. तुमच्या मेलला पूर्ण वाक्य असं होईल, ‘इट वॉज व्हेरी काइंड ऑफ यू टू रिप्लाय सो क्विकली’. समोरच्याने नेमकं काय केलं ते ‘टू’नंतर जरूर घाला, नुसत्या ‘काइंड ऑफ यू’पेक्षा ते मनापासून लिहिल्यासारखं वाटतं.